पगारातून कापलेला कर थकला तर

अमेरिकेत छोटा व्यवसाय चालवणाऱ्या वाचकांचे पेरोल टॅक्सच्या थकबाकीविषयीचे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे रेस्टॉरंट एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) म्हणून नोंदलेले आहे. गेल्या दोन तिमाह्यांचे फॉर्म ९४१ (पगारावरच्या कराचे तिमाही रिटर्न) वेळेवर भरले, पण पैसे भरता आले नाहीत. दर तिमाहीला पगार साधारण ६०,००० डॉलर. एलएलसी असल्यामुळे आमचे राहते घर सुरक्षित आहे, असे सगळे सांगतात. हे खरे का? हाताशी १०,००० डॉलर आहेत. ते कसे भरावेत? (न्यू जर्सी)

उत्तर : घर सुरक्षित आहे असे धरून चालू नका. पुरवठादाराचे बिल, दुकानाचे भाडे, यासाठी एलएलसीची भिंत उपयोगी पडते. पगारातून कापलेल्या कराला ती अडवत नाही.

तुमचेच आकडे मांडून पाहू. ६०,००० डॉलर पगारावर समजा ६,००० डॉलर फेडरल इन्कम टॅक्स कापला. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, म्हणजे ७.६५ टक्के नोकराच्या पगारातून जातात आणि तेवढेच मालक स्वतःच्या खिशातून घालतो. प्रत्येकी ४,५९० डॉलर. एका तिमाहीचे एकूण देणे १५,१८०, दोन तिमाह्यांचे ३०,३६०.

या रकमेचे दोन भाग आहेत आणि पुढचे सगळे या दोन भागांवर ठरते. इन्कम टॅक्स आणि नोकराचा ७.६५ टक्के वाटा हे पैसे तुमचे कधीच नव्हते. ते नोकरांचे, तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेले. कायदा त्यांना ट्रस्ट फंड म्हणतो. तुमच्या बाबतीत ही रक्कम २१,१८०. उरलेले ९,१८० मालकाचा वाटा. ट्रस्ट फंडाची रक्कम भरली नाही, तर इंटर्नल रेव्हेन्यू कोडच्या कलम ६६७२ खाली ती पूर्णच्या पूर्ण जबाबदार व्यक्तीच्या नावावर चढवता येते. नाव ‘पेनल्टी’ असले, तरी ही मूळ रकमेवरची भर नव्हे. कंपनीने बुडवलेली तीच रक्कम माणसाकडून वसूल करणे, असा तिचा अर्थ. एकदा ती तुमच्या नावावर लागली की घरावर बोजा चढू शकतो आणि तुमच्या वैयक्तिक खात्यावर टाच येऊ शकते.

जबाबदार कोण, हे पदावरून ठरत नाही. कोणाचे बिल आधी द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, यावरून ठरते. पत्नीची चेकवर सही चालत असेल आणि भाडे-किराणा-पगाराचे निर्णय तीही घेत असेल, तर तिचेही नाव येऊ शकते. एकाहून जास्त माणसे जबाबदार असतील तर प्रत्येकाकडे पूर्ण रक्कम मागता येते, मात्र सरकार एकूण वसुली एकदाच करते. दुसरी अट हेतूची. त्यासाठी फसवण्याचा इरादा लागत नाही. कर थकला आहे हे माहीत असताना दुसऱ्या कोणाचेही पैसे चुकते केले, एवढे पुरते. आणि त्या ‘दुसऱ्या कोणा’मध्ये तुमचे नोकरही येतात. हातात फक्त निव्वळ पगारापुरते पैसे आहेत, म्हणून पगार वाटले आणि कर राहू दिला, तरी तो हेतूच धरला जातो. बहुतेक भल्या माणसांची चूक नेमकी इथेच होते. नोकराचे घर चालावे म्हणून आधी पगार दिला जातो. नियमाप्रमाणे अशा वेळी पगारच इतका कमी करायचा असतो की त्यावरचा करही भरता यावा.

आता १०,००० डॉलरविषयी. चालू तिमाहीचे डिपॉझिट, म्हणजे सरकारकडे करायचा कराचा भरणा, आधी भरा, जुन्या थकबाकीकडे नंतर वळा. चालू कर थकत राहिला तर आयआरएस (अमेरिकेचे केंद्रीय कर खाते) हप्त्यांचे बोलणे करत नाही. ते भरून हे पैसे उरत असतील, तर ते ‘ट्रस्ट फंडाकडे वळवावेत’ असे लेखी सांगून भरा. स्वखुशीने भरलेली रक्कम कुठे जमा करायची हे सांगण्याचा हक्क करदात्याला आहे. काहीच सांगितले नाही, तर आयआरएस ती सरकारच्या सोयीने लावते, म्हणजे आधी मालकाच्या वाट्याकडे. फरक मोठा आहे. न सांगता १०,००० भरले, तर त्यातले ९,१८० मालकाच्या वाट्यात जातात आणि तुमच्यावर वैयक्तिक येऊ शकणारी रक्कम २०,००० च्या वरच राहते. सांगून भरले, तर ती ११,१८० वर येते. पैसे तेवढेच, कंपनीचे एकूण देणेही तेवढेच. फक्त धोका निम्म्यावर येतो.

चेकवर कंपनीचा ईआयएन (मालकाचा कर-ओळख क्रमांक), ‘फॉर्म ९४१’, तिमाही आणि वर्ष लिहा. एक चेक एका तिमाहीचा. सोबत सहीचे पत्र द्या आणि त्यात रक्कम त्या तिमाहीच्या ट्रस्ट फंडालाच लावावी असे स्पष्ट मांडा. पत्राची आणि चेकची प्रत जपून ठेवा. हे सगळे हप्त्यांचा करार होण्याआधी करा. करारातल्या हप्त्यांना आणि जप्तीतून गेलेल्या पैशांना हा हक्क लागू होत नाही.

हा क्रम पाळण्याचे आणखी एक कारण आहे. चालू व्यवसायाची देय रक्कम २५,००० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर आयआरएस २४ महिन्यांपर्यंतचे हप्ते जमाखर्चाचे सविस्तर पत्रक न मागता देते. १०,००० च्या वरच्या रकमेसाठी हप्ते बँकेतून थेट वळते व्हावे लागतात. तुमची मूळ थकबाकी १०,००० भरल्यावर २०,३६० राहील. तिच्यावर दंड-व्याज चढेल, पण लवकर हालचाल केलीत तर मर्यादेच्या आत बसण्याची चांगली शक्यता आहे. मर्यादेबाहेर गेलात तर फॉर्म ४३३-बी, बँकेची स्टेटमेंट्स, येणी, यंत्रसामग्री, असा सगळा हिशोब मांडावा लागेल.

दंड कसा चढतो तेही सांगतो. डिपॉझिट १ ते ५ दिवस उशिरा असेल तर २ टक्के, ६ ते १५ दिवसांना ५ टक्के, त्यापुढे १० टक्के, आणि मागणीची पहिली नोटीस येऊन १० दिवस उलटले तरी भरले नाही तर १५ टक्के. शिवाय न भरलेल्या करावर दरमहा अर्धा टक्का, कमाल २५ टक्के. रिटर्नच भरला नाही तर दरमहा ५ टक्के, त्यालाही कमाल २५. म्हणून पैसे नसले तरी फॉर्म ९४१ वेळेवर भरला, हे तुम्ही फार चांगले केलेत. व्याज वेगळे, आणि ते रोज चक्रवाढ होते.

प्रश्न : आमच्या स्टाफिंग कंपनीला आयआरएसचे एलटी ११ पत्र आले आहे. १८ दिवस झाले. अकाउंटंट म्हणतात, ‘अजून एखादे पत्र येईल, तेव्हा बघू.’ थांबावे का? (टेक्सास)

उत्तर : अजिबात थांबू नका. एलटी ११ किंवा लेटर १०५८ ही जप्तीपूर्वीची शेवटची सूचना असते. पत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांत फॉर्म १२१५३ पाठवून सुनावणी मागण्याचा हक्क आहे, आणि तुमच्याकडे त्यातले १२ दिवस उरले आहेत. त्या मुदतीत अर्ज गेला, तर सुनावणीचा निकाल लागेपर्यंत त्या तिमाह्यांची जप्ती सहसा थांबते आणि निकाल पटला नाही तर ३० दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येते. ३१ व्या दिवशी पाठवलात, तर एक वर्षाच्या आत ‘समकक्ष सुनावणी’ मिळेल, पण तिच्यात जप्ती थांबवण्याचे बंधन नाही आणि कोर्टाचा रस्ताही नाही.

फॉर्ममध्ये प्रत्येक तिमाही वेगळी लिहा. एखादी राहून गेली तर तिच्यापुरते संरक्षण मिळत नाही. कारणाच्या रकान्यात नुसते ‘मान्य नाही’ लिहू नका. हप्ते हवेत, तडजोड हवी, की बोजा मागे घ्यायला हवा, ते नेमके मागा. पत्रावर छापलेल्या पत्त्यावरच सर्टिफाइड मेलने पाठवा. परस्पर अपील्स कार्यालयाकडे पाठवलेला अर्ज फिरत राहतो आणि मुदत निघून जाते.

पेरोल टॅक्सला इथे एक अपवाद आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. मागच्या दोन वर्षांतल्या पेरोल टॅक्सच्या थकबाकीसाठी तुम्ही अशी सुनावणी आधीच मागितली असेल, तर नव्या थकबाकीसाठी आयआरएस आधी जप्ती करून नंतर सुनावणी देऊ शकते. एकदा सुनावणी घेऊन पुन्हा डिपॉझिट चुकवणाऱ्यांसाठीच हा अपवाद ठेवलेला आहे.

जप्ती कशी होते हे माहीत असले की घाईचे कारण कळते. बँकेकडे आदेश गेला की त्या क्षणी खात्यात असलेली रक्कम गोठते आणि २१ दिवसांनी बँक ती आयआरएसकडे पाठवते. आदेश पोचल्यानंतर खात्यात आलेले पैसे त्या आदेशात येत नाहीत, पण आयआरएस दुसरा आदेश काढू शकते. या २१ दिवसांतच बोलणी करून आदेश मागे घ्यायला लावता येतो. येण्यांवरच्या जप्तीत ही २१ दिवसांची सवलत नाही. तुमचे क्लायंट तुम्हाला देणे असलेले पैसे थेट सरकारला देतात. स्टाफिंगच्या धंद्यात हा घाव खात्यावरच्या जप्तीपेक्षा खोल असतो, कारण मोठ्या क्लायंटला तुमच्या थकबाकीची बातमी सरकारकडूनच कळते. बोजाची नोटीस सार्वजनिक नोंदीत गेली की येण्यांवर कर्ज देणारी संस्थाही हात आखडता घेते. अशा वेळी त्या कर्जाला सरकारी बोजापेक्षा वरचा क्रम मिळावा म्हणून फॉर्म १४१३४ ने अर्ज करता येतो. त्या कर्जामुळे सरकारचीच वसुली सोपी होणार आहे, हे आकड्यांनी दाखवावे लागते.

सुनावणी चालू असेपर्यंत वसुलीच्या १० वर्षांच्या मुदतीचे घड्याळही थांबलेले असते. थकबाकी नुकतीच झाली असेल तर त्याने बिघडत नाही. ती आठ-नऊ वर्षे जुनी असेल तर सुनावणी मागण्याआधी विचार करावा.

प्रश्न : पेरोल कंपनी दर पंधरवड्याला आमच्या खात्यातून कराचे पैसे घेत होती. आता आयआरएस म्हणते, तीन तिमाह्यांचे डिपॉझिट आलेच नाही. पैसे दोनदा भरायचे? (कॅलिफोर्निया)

उत्तर : हो, कर भरावा लागेल. मन मानत नाही, पण कायदा असाच आहे. पेरोल कंपनी तुमची प्रतिनिधी असते, जबाबदारी मालकाकडेच राहते. अपवाद फक्त आयआरएसने प्रमाणित केलेल्या पीईओचा (नोकरांचा पगार-कारभार स्वतःच्या नावाने चालवणाऱ्या कंपनीचा). ती स्वतः दिलेल्या पगारांवरच्या कराला स्वतः जबाबदार असते. साध्या पेरोल कंपनीला हे लागू नाही. करारपत्र काढून आधी तेच पाहा.

आता क्रमाने हे करा. आयआरएसकडून त्या तिमाह्यांचे अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट (कराच्या खात्याचा उतारा) मागवा. रिटर्न भरले गेले का, कधी आणि किती रकमेचे, ते त्यात दिसेल. अनेकदा रिटर्नसुद्धा गेलेला नसतो किंवा शून्याचा गेलेला असतो. तुमच्या खात्यातून वळत्या झालेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा पुरावा तारखेप्रमाणे लावा. मूळ कर माफ होत नसला तरी दंड माफ होण्याची जागा इथे आहे. मागची तीन वर्षे स्वच्छ असतील, तर पहिल्या चुकीची सवलत मागता येते. तिच्याबाहेरच्या तिमाह्यांसाठी ‘वाजवी कारण’ दाखवावे लागते. फक्त ‘दुसऱ्यावर विसंबलो’ एवढ्याने ते सहसा मान्य होत नाही. तुम्ही तपासत होता, कळताच हालचाल केलीत, चालू डिपॉझिट लगेच स्वतः भरू लागलात, हे दाखवता आले तर बाजू भक्कम होते. आणि कळल्यानंतरचा प्रत्येक दिवस महत्त्वाचा. कळेपर्यंत तुमचा हेतू नव्हता हे पटवता येते. कळल्यावरही तुम्ही इतरांची बिले देत राहिलात, तर पहिल्या उत्तरातले कलम ६६७२ तुम्हालाही लागू होऊ शकते.

पुढच्यासाठी ईएफटीपीएस या सरकारी भरणा-पद्धतीत स्वतःच्या ईआयएनने नोंदणी करा आणि दर डिपॉझिटच्या तारखेनंतर स्वतः पाहा. मासिक डिपॉझिट पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जायला हवे. मागच्या ठरावीक काळात (लुकबॅक पीरियड) एकूण कर ५०,००० डॉलरपेक्षा जास्त होता, तर अर्ध-साप्ताहिक वेळापत्रक लागते: बुधवार ते शुक्रवारच्या पगाराचे पुढच्या बुधवारपर्यंत, शनिवार ते मंगळवारच्या पगाराचे पुढच्या शुक्रवारपर्यंत. आणि आयआरएसकडचा पत्ता कधीही पेरोल कंपनीचा करू देऊ नका. पत्रे तिच्याकडे गेली की तुम्हाला शेवटी कळते. कॅलिफोर्नियाचा ईडीडी हा रोजगार विभागही वेगळा तपासा. राज्याचा पगारकर आणि एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा) तिथे जातात, आणि ज्या पेरोल कंपनीने फेडरल पैसे पाठवले नाहीत तिने राज्याचे पाठवले असतील असे गृहीत धरता येत नाही.

प्रश्न : मी एका कंपनीत ऑफिस मॅनेजर होतो. चेकवर माझी सही चालायची, पण कोणाला पैसे द्यायचे हे मालक ठरवत. कंपनी बुडाली. आता मला लेटर ११५३ आले आहे. मी दोषी कसा? (इलिनॉय)

उत्तर : अजून तुमच्यावर रक्कम लागलेली नाही. लेटर ११५३ म्हणजे पहिल्या उत्तरातल्या कलम ६६७२ खाली ती तुमच्यावर लावण्याचा प्रस्ताव. सोबत फॉर्म २७५१ असेल, त्यावर सही केलीत तर प्रस्ताव मान्य केल्यासारखे होते. तुम्हाला मान्य नसेल तर सही करू नका आणि पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करा. पत्र अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर आले असेल तर ७५ दिवस. एका तिमाहीची रक्कम २५,००० किंवा कमी असेल तर साधा छोटा अर्ज चालतो, जास्त असेल तर रीतसर लेखी हरकत लागते.

नुसती सही चालणे म्हणजे जबाबदारी नव्हे. स्वतःला निर्णयाची मोकळीक नसलेला, दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच सह्या करणारा नोकर जबाबदार धरू नये, असे आयआरएसच्याच मार्गदर्शनात आहे. पण ‘मालकांनी भरू नका म्हटले’ हा एवढाच बचाव पुरत नाही. अधिकार असलेल्या माणसाने वरून आदेश आला म्हणून कर राहू दिला, तर न्यायालये त्याला जबाबदार धरतात. म्हणून सगळा भर अधिकार नव्हता हे दाखवण्यावर ठेवा. कोणते चेक मालक आधी मंजूर करत, त्याचे ईमेल. बँकेच्या स्वाक्षरीपत्रावर कोणाची नावे होती. नोकर ठेवणे-काढणे कोणाकडे होते. फॉर्म ९४१ वर कोणाची सही होती. तुम्ही कर भरायला हवा असे लिहिले होते का.

फॉर्म ४१८० ची मुलाखत (जबाबदार कोण हे ठरवण्यासाठी आयआरएस घेते ती) झाली असेल तर तिची प्रत मागा. ज्यांची अजून व्हायची आहे अशा वाचकांना आमचा आग्रह आहे की तिथे एकट्याने, तयारीशिवाय जाऊ नये. ‘कर थकल्याचे तुम्हाला केव्हा कळले?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अख्खे प्रकरण फिरते. फौजदारी बाजू निघण्याची शंका असेल तर सीपीए म्हणजे परवानाधारक अकाउंटंटऐवजी टॅक्स अटर्नी (करविषयक वकील) घ्या. सीपीएशी झालेल्या बोलण्याची गुप्तता फौजदारी प्रकरणात टिकत नाही. कापलेला कर जाणूनबुजून न भरणे हा कलम ७२०२ खाली ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

अपिलात हरलात तरी कोर्टात जाण्यासाठी पूर्ण रक्कम भरावी लागत नाही. प्रत्येक तिमाहीसाठी एका नोकराच्या ट्रस्ट फंडाएवढी रक्कम भरा, फॉर्म ८४३ ने परतावा मागा. तो नाकारला गेला किंवा सहा महिने उत्तर आले नाही, की डिस्ट्रिक्ट कोर्टात किंवा कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये दावा लावता येतो.

प्रश्न : मी मंडळाचा मानद खजिनदार आहे. मंडळाने शाळेसाठी दोन शिक्षक पगारावर ठेवले आहेत. मला धोका आहे का? (मिशिगन)

उत्तर : असू शकतो. ना-नफा संस्थांच्या मानद, बिनपगारी विश्वस्तांना कायद्यात सूट आहे, पण ती रोजच्या किंवा आर्थिक कारभारात भाग न घेणाऱ्यांना आणि कर थकल्याचे माहीत नसलेल्यांना. खजिनदार चेक काढतो, त्यामुळे पहिल्याच अटीवर तुमची सूट बहुधा जाते. समितीतल्या इतर सदस्यांना ती मिळू शकते. मंडळ करमुक्त असले तरी पगारकरातून सुटत नाही. तिमाहीचा एकूण कर २,५०० डॉलरपेक्षा कमी असेल तर तो फॉर्म ९४१ सोबतच भरता येतो. त्याच्या तारखा ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी. कार्यकारिणी बदलताना नव्या खजिनदाराने मागच्या चार तिमाह्यांची पोच ताब्यात घेतल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न : आयआरएसचा माणूस म्हणून कोणी दारात आले तर ओळखायचे कसे? (जॉर्जिया)

उत्तर : जुलै २०२३ पासून रेव्हेन्यू ऑफिसरच्या, म्हणजे आयआरएसच्या वसुली अधिकाऱ्याच्या, न कळवता होणाऱ्या बहुतेक भेटी बंद झाल्या आहेत. आधी लेटर ७२५-बी ने वेळ ठरवली जाते. खऱ्या अधिकाऱ्याकडे दोन ओळखपत्रे असतात आणि ती पाहायला मागता येतात. गिफ्ट कार्डाने पैसे मागणारा खोटाच.

प्रश्न : कॉर्पोरेशन बंद करून भारतात परतायचे आहे. थकबाकी मागे राहिली तर? (व्हर्जिनिया)

उत्तर : कॉर्पोरेशन बंद झाले की मालकाचा वाटा आणि कंपनीवरचे दंड साधारणपणे तिच्याबरोबर राहतात, ट्रस्ट फंड तुमच्यामागे येतो. व्यवसाय एकट्याच्या मालकीचा, नोंदणी न केलेला असता, तर सगळेच तुमच्या नावावर असते. म्हणून मालमत्ता विकून येणारा पैसा आधी ट्रस्ट फंडाकडे, लेखी सांगून वळवा. दिवाळखोरीतही ट्रस्ट फंडाचे देणे सुटत नाही. आयआरएसला रक्कम नावावर लागल्यापासून १० वर्षे वसुली करता येते, आणि इथली बँक खाती, घर, निवृत्तीची खाती तिच्या आवाक्यात असतात. तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट असेल तर ठरावीक मर्यादेवरची, बोजा किंवा जप्तीपर्यंत गेलेली थकबाकी परराष्ट्र खात्याला कळवली जाते आणि पासपोर्टचे नूतनीकरण अडू शकते. ही मर्यादा २०२५ साठी ६४,००० डॉलर होती. ग्रीन कार्डावर असाल आणि पुढे नागरिकत्व घ्यायचे असेल, तर एन-४०० अर्जात थकलेल्या कराचा थेट प्रश्न आहे.

शेवटच्या फॉर्म ९४१ वर ‘अंतिम रिटर्न’ची चौकट भरा आणि शेवटच्या पगाराची तारीख लिहा. ती राहिली तर आयआरएस पुढच्या तिमाह्यांचे रिटर्न येणे बाकी धरते, अंदाजाने कर लावते, आणि ती पत्रे तुम्ही सोडून आलेल्या पत्त्यावर जात राहतात. नोकरांना डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचे वार्षिक पत्रक) द्या, राज्याचे पेरोल आणि सेल्स टॅक्सचे खाते वेगळे बंद करा, आणि निघण्याआधी फॉर्म ८८२२-बी ने कंपनीचा नवा पत्ता कळवा.